चंद्रस्वर, सूर्यस्वर आणि मेंदू

पहाटेच्या सामायिकात मन स्थिरावू लागले, की साधकाचे लक्ष सहजच श्वासाकडे जाते. थोडा वेळ तसाच गेला, तर एक गोष्ट ध्यानात येते. श्वास दोन्ही नाकपुड्यांतून सारखा वाहत नाही. एका बाजूने तो मोकळेपणाने येतो-जातो, दुसऱ्या बाजूने अगदी बारीक. सर्दी नसते, पडसे नसते, तरीही हा भेद असतो. काही तासांनी पुन्हा पाहावे, तर बाजू बदललेली असते. नाकाखाली छोटा आरसा धरला, तर त्यावर उमटणारे बाष्पाचे दोन ठिपकेही एक मोठा, एक लहान असे दिसतात.

या साध्या अनुभवावर भारतात एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले. डावीकडून वाहणारा श्वास तो चंद्रस्वर, उजवीकडून वाहणारा तो सूर्यस्वर. गेल्या काही दशकांत या जुन्या शास्त्राला मेंदूविज्ञानाची जोड दिली जाऊ लागली. उजव्या नाकपुडीने श्वास घेतला की डावा मेंदू जागा होतो, गणित आणि भाषा चांगली येते. डाव्या नाकपुडीने घेतला की उजवा मेंदू जागा होतो, कल्पनाशक्ती फुलते, असे शिबिरांतून सांगितले जाते आणि मोबाइलवरील संदेशांतून घरोघरी पोहोचते. परीक्षेच्या सकाळी मुलाला एक नाकपुडी दाबून बसवणारे पालक आहेत. रक्तदाबाची गोळी बाजूला ठेवून स्वर बदलू पाहणारे ज्येष्ठ आहेत. आणि एकाच बाजूने फार दिवस श्वास चालला, तर ते अशुभ लक्षण मानून मनोमन खचणारेही आहेत. म्हणून या विषयात नेमके खरे किती, हे शांतपणे पाहणे आवश्यक ठरते.

नाकाचे स्वतःचे चक्र

नाकपुड्यांची ही आलटापालट खरी आहे, याविषयी वैद्यकशास्त्राला शंका नाही. १८९५ साली रिचर्ड कायझर या जर्मन वैद्याने तिचे शास्त्रीय वर्णन केले. नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर गुंडाळीसारखे मांसल उंचवटे असतात. त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. एका बाजूच्या वाहिन्या रक्ताने भरल्या, की तो उंचवटा फुगतो आणि वाट अरुंद होते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचा उंचवटा आकसतो आणि वाट मोकळी होते. कालांतराने हीच क्रिया उलट घडते. या चक्राची सूत्रे स्वायत्त मज्जासंस्थेकडे असतात. हृदयाचे ठोके, पचन, घाम यांसारख्या, मनुष्याच्या इच्छेवाचून चालणाऱ्या क्रिया सांभाळणारी संस्था ती हीच.

चक्राचा काळ मात्र सर्वांचा सारखा नसतो. कोणाचे अर्ध्या तासात फिरते, कोणाचे कित्येक तास घेते; बहुधा ते दोन-तीन तासांच्या आसपास असते. काही माणसांत ते स्पष्ट दिसतही नाही. कुशीवर झोपल्याने ते बदलते. ज्या कुशीवर मनुष्य झोपतो, त्या बाजूची नाकपुडी हळूहळू बुजते आणि वरची मोकळी होते. जेवणानंतर डाव्या कुशीवर पहुडण्याची, म्हणजे वामकुक्षीची आपल्याकडील रीत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामुळे उजवी नाकपुडी, म्हणजे परंपरेच्या भाषेत सूर्यनाडी, मोकळी होते. काखेत दाब दिल्यानेही विरुद्ध बाजूची नाकपुडी उघडते. योगी काखेखाली योगदंड घेऊन बसत, त्यामागे हाच अनुभव असावा. परंपरेने अनुभवातून टिपलेल्या या गोष्टी आज उपकरणांनी मोजता येतात.

आचार्यांनी काय नोंदवले

जैन वाङ्मयात या विषयाचे सविस्तर विवेचन दोन ग्रंथांत आढळते. एक आचार्य शुभचंद्रांचा ‘ज्ञानार्णव’, दुसरा आचार्य हेमचंद्रांचे ‘योगशास्त्र’. बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळ राजासाठी रचलेल्या योगशास्त्राचे बारा प्रकाश आहेत. त्यांपैकी पाचवा प्रकाश जवळजवळ संपूर्णपणे प्राणवायूला वाहिलेला आहे. त्यात डावी इडा, उजवी पिंगला आणि मधली सुषुम्ना या नाड्यांचे वर्णन आहे. मन आणि वायू दूध-पाण्यासारखे एकमेकांत मिसळलेले असतात, जेथे एक तेथे दुसरे, असा या विवेचनाचा आरंभीचा आशय आहे. दोन्ही नाड्या रहाटगाडग्याप्रमाणे आळीपाळीने वाहतात आणि प्रत्येकीचा काळ अडीच घटकांचा, म्हणजे आजच्या एका तासाचा असतो, असे तेथे सांगितले आहे. निरोगी मनुष्याचे अहोरात्रात २१,६०० श्वासोच्छ्वास होतात, ही संख्याही तेथे येते. चोवीस तासांना ती वाटली, तर मिनिटाला पंधरा श्वास येतात आणि आजचे वैद्यही निरोगी प्रौढाचे श्वास साधारण तेवढेच मोजतात.

याच प्रकाशात स्वरांवरून शकुन पाहण्याची पद्धतही विस्ताराने दिली आहे. कोणत्या पक्षात, कोणत्या तिथीला, सूर्योदयी कोणता स्वर असावा, कोणत्या स्वरात कोणते कार्य आरंभावे आणि एकच स्वर किती दिवस वाहिला असता आयुष्य किती उरले असे समजावे, इथपर्यंत ही गणना जाते. आधुनिक मोजमापात नासाचक्र इतके नियमबद्ध आढळत नाही. ते माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. हेमचंद्राचार्यांनी आपल्या काळात प्रचलित असलेले ज्ञान प्रामाणिकपणे संग्रहित केले. त्याचे त्यांनी पुढे काय केले, हे लेखाच्या अखेरीस पाहू. तेच या विषयाचे मर्म आहे.

मेंदूच्या दोन बाजू

मेंदूचे दोन अर्धगोल असतात आणि तंतूंचा एक जाड पट्टा त्यांना जोडतो. अपस्माराच्या काही रुग्णांत उपचारासाठी हा पट्टा कापावा लागला. अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी अमेरिकेत जे प्रयोग केले, त्यांतून दोन बाजूंची कामे काही अंशी वेगळी असल्याचे दिसले. बहुतेकांत भाषेचे काम मुख्यतः डावीकडे चालते, आकार आणि अवकाश यांची जाण उजवीकडे अधिक असते. या कार्याबद्दल स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लोकांनी मात्र त्यातून भलताच अर्थ काढला. काही माणसे ‘डाव्या मेंदूची’ म्हणजे तर्कशुद्ध, काही ‘उजव्या मेंदूची’ म्हणजे कलावंत, अशी विभागणी रूढ झाली. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एक हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. एखाद्या व्यक्तीचा संपूर्ण डावा किंवा संपूर्ण उजवा मेंदू प्रबळ असल्याचे त्यांना आढळले नाही. गणित असो वा चित्रकला, दोन्ही अर्धगोल मिळूनच काम करतात.

नाकपुडी आणि मेंदू यांचा संबंध जोडणारे पहिले महत्त्वाचे संशोधन याच काळातले. १९८३ साली कॅलिफोर्नियातील वेर्न्ट्झ, शॅनाहॉफ-खालसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील विद्युतलहरी आणि नाकातील हवेचा प्रवाह एकाच वेळी नोंदवला. जी नाकपुडी मोकळी, तिच्या विरुद्ध बाजूचा अर्धगोल त्या वेळी तुलनेने अधिक क्रियाशील दिसला. एक नाकपुडी बंद करून दुसरीने मुद्दाम श्वास घेतला, तरी असाच परिणाम दिसतो, असे याच गटाने १९८७ साली मांडले. शिबिरांत आज जे सांगितले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

परंतु संशोधन तेथे थांबले नाही. १९८६ साली क्लाइन आणि सहकाऱ्यांनी शब्दांची आणि आकारांची कोडी देऊन पाहिले. नैसर्गिकपणे मोकळी असलेली नाकपुडी आणि कोड्यांतील यश यांत काही नाते दिसले. पण बळेच एका नाकपुडीने श्वास घ्यायला लावला, तेव्हा यशात फरक पडला नाही. १९८९ साली ब्लॉक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात तर पुरुषांत एक परिणाम आणि स्त्रियांत त्याच्या उलट परिणाम आढळला. एकाच प्रश्नाची इतकी भिन्न उत्तरे येत असतील, तर त्यावरून मुलाच्या अभ्यासाचे वेळापत्रक आखणे शहाणपणाचे नाही.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. नाकपुडी आणि मेंदू या दोहोंच्या रक्तवाहिन्यांवर एकाच स्वायत्त मज्जासंस्थेचा अंमल चालतो. म्हणून दोहोंत एकाच वेळी बदल दिसणे शक्य आहे. तसे असेल, तर नाकपुडी ही आत चाललेल्या बदलाची खूण ठरते, त्याची किल्ली नव्हे. घड्याळाचा काटा सूर्याची वेळ दाखवतो; पण काटा हाताने पुढे सरकवल्याने सूर्य पुढे जात नाही.

याचा अर्थ नाकपुडी बदलून काहीच घडत नाही, असा मात्र नव्हे. बंगळुरूच्या शर्ले टेलिस, नागरत्ना आणि नागेंद्र यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभराच्या सरावानंतर प्राणवायूचा वापर मोजला. उजव्या नाकपुडीच्या गटात तो ३७ टक्क्यांनी वाढला, डाव्या नाकपुडीच्या गटात २४ टक्क्यांनी आणि आलटून पालटून श्वास घेणाऱ्या गटात १८ टक्क्यांनी. उजवा स्वर उष्ण, उत्तेजक, हे परंपरेचे म्हणणे या आकड्यांशी काही प्रमाणात जुळते. मात्र डाव्या गटातही वाढच झाली, घट नव्हे, हेही तितकेच खरे.

एकशे आठ मुले

या सर्व संशोधनात घरोघरच्या पालकांनी लक्षात ठेवावा असा एक प्रयोग आहे. १९९७ साली नवीन, टेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. दहा ते सतरा वर्षे वयाच्या १०८ शाळकरी मुलांचे चार गट करण्यात आले. पहिल्या गटाने उजव्या नाकपुडीने श्वास घेतला, दुसऱ्याने डाव्या, तिसऱ्याने आलटून पालटून. चौथ्या गटाने नाकाला हातही लावला नाही. ती मुले केवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देत बसली. दहा दिवसांनंतर शब्दांच्या आणि आकारांच्या स्मरणाची चाचणी पुन्हा घेण्यात आली.

नाकपुडीचा सिद्धांत बरोबर असता, तर उजव्या गटाची शब्दस्मृती वाढायला हवी होती आणि डाव्या गटाची आकारस्मृती. तसे झाले नाही. चारही गटांत आकारांच्या स्मरणाचे गुण वाढले, सरासरी ८४ टक्क्यांनी. शब्दांच्या स्मरणात अशी वाढ दिसली नाही. कोणताही सराव न करणाऱ्या २७ मुलांच्या गटात फरक पडला नाही. म्हणजे नाकपुडी कोणती, याने फरक पडला नाही. श्वासाशी शांतपणे बसल्याने पडला. ज्या मुलांनी श्वास नुसता पाहिला, त्यांनाही तोच लाभ झाला.

नाकाचे खरे महत्त्व

डावे-उजवे हा वाद बाजूला ठेवला, तर श्वास आणि मेंदू यांच्या नात्याविषयी अधिक भक्कम पुरावा दुसऱ्याच दिशेने मिळतो. तो आहे नाक आणि तोंड यांतील फरकाचा. १९४२ साली एडगर एड्रियन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने साळूसारख्या दिसणाऱ्या एका लहान काटेरी प्राण्याच्या मेंदूतील गंधकेंद्रात श्वासाच्या तालावर उठणाऱ्या लहरी टिपल्या. २०१६ साली शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात क्रिस्टिना झेलानो आणि सहकाऱ्यांना मानवी मेंदूतही तसाच ताल आढळला. उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत आधीच विद्युताग्रे बसवलेली होती, अशा अपस्माराच्या रुग्णांत ही नोंद झाली. हा ताल केवळ गंधकेंद्रात नव्हता; भीतीशी आणि स्मरणाशी संबंधित भागांतही होता. निरोगी व्यक्तींवर घेतलेल्या चाचण्यांत, नाकाने श्वास आत घेताना भयभीत चेहरे अधिक लवकर ओळखता आले आणि त्या क्षणी पाहिलेल्या वस्तू अधिक चांगल्या आठवल्या. तोंडाने श्वास घेताना हा लाभ उणावला. २०१८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत काही गंध लक्षात ठेवायला दिल्यानंतर तासभर नाकाने श्वास घेणाऱ्यांची गंधस्मृती तोंडाने श्वास घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

म्हणून मुलाची डावी नाकपुडी चालू आहे की उजवी, यापेक्षा ते तोंड उघडे ठेवून झोपते का, याकडे पालकांनी आधी लक्ष द्यावे. नाक श्वास गाळते, ऊबदार करते, ओलसर करते. जे मूल रात्री तोंडाने श्वास घेते, घोरते आणि सकाळी थकलेले उठते, त्याला स्वरसाधनेची नव्हे, कान-नाक-घसा तज्ज्ञाची गरज असते.

सहाव्या प्रकाशाचा निर्णय

आता हेमचंद्राचार्यांकडे परत वळू. पाचव्या प्रकाशात वायू, नाड्या आणि शकुन यांचे एवढे विस्तृत वर्णन केल्यावर सहाव्या प्रकाशाच्या प्रारंभीच ते वेगळा निर्णय देतात. प्राणायामाने मनाला छळले, तर त्याला स्वास्थ्य लाभत नाही. श्वास रोखताना शरीराला पीडा होते आणि पीडेने चित्त विचलित होते. मुक्तीच्या मार्गावर हा आटापिटा साधक नव्हे, बाधक ठरतो. म्हणून इंद्रियांना विषयांपासून आवरून मन धर्मध्यानात स्थिर करावे, असा त्यांचा उपदेश आहे. शुभचंद्राचार्यांचाही कल असाच आहे. ज्यांनी या विद्येचे सर्वांत बारीक वर्णन केले, त्यांनीच तिची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे सांगितली.

मग श्वासाचे करायचे काय? जैन आचारात त्याचे उत्तर पूर्वीपासून आहे. कायोत्सर्गाचा काळ श्वासांनीच मोजला जातो. दिगंबर परंपरेत एक णमोकार तीन श्वासोच्छ्वासांत, असे नऊ णमोकार २७ श्वासोच्छ्वासांत म्हटले जातात. श्वेतांबर परंपरेत लोगस्सच्या ध्यानाला २५ श्वासोच्छ्वासांचे परिमाण आहे. येथे श्वास रोखायचा नसतो, वळवायचा नसतो. तो जसा येतो तसा साक्षीभावाने पाहायचा असतो. आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ साली मांडलेल्या प्रेक्षाध्यानात आलटून पालटून घेण्याच्या श्वासालाही स्थान आहे; पण नावाप्रमाणे तेथेही मुख्य काम पाहण्याचे, प्रेक्षेचे. त्या १०८ मुलांच्या चौथ्या गटाने नकळत हेच केले होते.

घरी पाळावयाचे पथ्य

आलटून पालटून सावकाश श्वास घेण्याचा सराव निरोगी मनुष्याला सहसा अपायकारक नसतो. तो रिकाम्या पोटी, श्वास न कोंडता, सुखासनात पाच-दहा मिनिटे करावा. केवळ उजव्या नाकपुडीचा दीर्घ सराव मात्र रक्तदाब असलेल्यांनी टाळावा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या रघुराज आणि टेलिस यांच्या अभ्यासात त्याने रक्तदाब वाढलेला, तर डाव्या नाकपुडीने आणि आलटून पालटून घेतलेल्या श्वासाने तो काहीसा उतरलेला दिसला. तरीही कोणत्याही स्वराच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भारपण असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

परीक्षेच्या सकाळी मुलाचे नाक दाबू नये. त्याऐवजी घरातील सर्वांनी त्याच्यासोबत बसून २७ श्वास शांतपणे पाहावेत. तीन-चार मिनिटे पुरतात. मुलाला त्यातून जी स्थिरता मिळेल, ती नाकपुडीच्या हिशेबाने मिळणार नाही.

आणि घरातील एखाद्या ज्येष्ठाला फार दिवस एकाच नाकपुडीने श्वास चालतो म्हणून धास्ती वाटत असेल, तर त्याला जवळ बसून धीर द्यावा आणि तज्ज्ञाकडे न्यावे. नाकातला पडदा वाकडा असणे, मांस वाढणे, जुनी सर्दी मुरणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. पुस्तकातील एका गणनेवरून जिवंत माणसाने आपल्या आयुष्याचे दिवस मोजत बसावे, हे त्या आचार्यांनाही मान्य झाले नसते. ज्या भयाने चित्त व्याकूळ होते, त्याला त्यांनी सहाव्या प्रकाशाच्या पहिल्याच पावलाला मागे सारले आहे.

श्वास डावीकडून येवो की उजवीकडून, तो येतो आणि जातो. येताना त्याला धरू नये, जाताना त्याला अडवू नये. आज रात्री प्रतिक्रमणानंतर दिवा मंद झाल्यावर घरच्यांनी क्षणभर एवढेच पाहावे.